पोकलेन, नाला आणि डोह

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी 1965 साली स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या गावाजवळच कोराडी मध्यम प्रकल्पाचा जलाशय आहे आणि आसपासच्या शिवारातले ओहोळ, नाले व लहान नद्या शेवटी पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतात. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून मेहकरवरून पुढे वाशिम, हिंगोली, यवतमाळ आणि नांदेडच्या सीमांना स्पर्श करीत चंद्रपूर जिल्ह्याच्या बाजूला वर्धा नदीला मिळते. नकाशावर ही नदी एका निळ्या रेषेने दाखवली जाते. परंतु तिचे पाणी, तिची वाळू आणि तिच्यातले मासे ज्या शेकडो बारीक प्रवाहांतून येतात, त्यांतील बहुसंख्य प्रवाहांना महसुली नोंदीत नावही नसते. गेल्या दहा-बारा वर्षांत या निनावी प्रवाहांत जेवढी यंत्रे उतरली, तेवढी त्याआधीच्या पिढ्यांनी पाहिलेली नव्हती. या यंत्रांनी पाणी साठले की नाही, यावर पुष्कळ वाद झाला आहे. यंत्र निघून गेल्यावर तो प्रवाह ‘नाला’ म्हणून जिवंत राहिला की केवळ लांबट खड्डा उरला, याची चर्चा मात्र फारच थोडी झाली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

नैसर्गिक नाल्याची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे, कारण ती एकसारखी नसण्यातच तिचे सारे सामर्थ्य असते. दक्खनच्या पठारावरील कोणताही ओढा पाहिला, तर त्यात उथळ, दगडगोट्यांवरून वेगाने वाहणारे खळाळ आणि त्यांच्यामध्ये खोल, संथ पाण्याचे डोह आलटून पालटून आढळतात. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर लागतो, म्हणून तिथे तळ खरवडला जाऊन डोह तयार होतो. आतल्या काठाला वेग मंदावतो, म्हणून तिथे वाळू साचते. अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केलेल्या मोजमापांतून असे दिसून आले की, एका डोहापासून पुढच्या डोहाचे अंतर बहुधा प्रवाहाच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. म्हणजे सहा मीटर रुंदीच्या नाल्यात साधारण 30 ते 42 मीटरवर पुढचा डोह अपेक्षित धरावा. नदीशास्त्राने सांगितलेले हे प्रमाण पोकलेन चालविणाऱ्याच्या हाती देण्याजोगे आहे, कारण ते पावलांनी मोजता येते.

या रचनेतील प्रत्येक भागाचा माशांच्या जीवनात स्वतंत्र उपयोग असतो. खळाळात पाणी हवेत मिसळते आणि त्यात प्राणवायू विरघळतो. दगडांच्या सांदीत कीटकांच्या अळ्या वाढतात आणि त्यांवर लहान मासे जगतात. दगडगोट्यांच्या स्वच्छ थरावर अनेक जातींचे मासे अंडी घालतात, मात्र त्या थरावर बारीक गाळ बसला की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती मरतात. वांब दगडांखाली आणि चिखलात दडून राहते. मरळ काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि नर-मादी दोघेही पिल्लांची राखण करतात; पावसाळ्यात संथ पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक दाट थवा वरखाली होताना दिसतो आणि त्याच्या बरोबर खाली एक गडद सावली फिरत असते, ती पिल्लांची आई किंवा बाप असते. वाळूत अर्धे रुतून राहणारे शिंपले पाणी गाळून आपले अन्न मिळवतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले जीवनाच्या आरंभी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटूनच वाढतात. त्यामुळे मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढीही खुंटते. पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जाणारे चढणीचे मासे हे महाराष्ट्रातल्या ग्रामीण माणसाला नव्याने सांगावे लागत नाहीत.

बुलडाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशात या सर्वांपेक्षा महत्त्व आहे ते डोहाला. येथे वार्षिक पाऊस सरासरी 700 ते 800 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तोही चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीनंतर नाल्याची धार तुटते, पाणी ठिकठिकाणच्या डोहांत आकसून राहते आणि त्या डोहांत जे मासे तग धरतात, तेच पुढच्या पावसाळ्यात संपूर्ण प्रवाह पुन्हा भरून काढतात. डोह हा अशा अर्थाने माशांचा बियाण्याचा साठा आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या श्रद्धेने महाशीर मासा राखला गेला, तशी उदाहरणे सह्याद्रीत आणखीही आहेत. त्यामागची भावना धार्मिक असली, तरी तिने साधलेले काम मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, कारण उन्हाळ्यातला डोह राखला की नदीभर मासा राखला जातो.

आता खडकाकडे वळले पाहिजे. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भूभाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला आहे आणि मेहकर परिसरही त्यातच येतो. लाव्हाचे थर एकावर एक बसले असल्यामुळे खाली जाताना खडकाचे गुण बदलत जातात: वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, कुठे पोकळ्या खनिजांनी भरलेला मांजऱ्या, कुठे दोन थरांच्या मध्ये गेरूचा तांबडा पट्टा आणि कुठे अभेद्य काळा पाषाण. पाणी मुख्यतः मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात साठते व हलते. काळ्या पाषाणात ते जवळजवळ शिरत नाही. म्हणून नाला किती खोल करावा, हा प्रश्न खिशात किती पैसा आहे यावर ठरत नाही, तर खाली कोणता थर आहे यावर ठरतो. मुरमाच्या थराला उघडे पाडून तिथेच थांबले तर पाझर वाढतो. पाषाणापर्यंत गेले तर उघड्यावर साठलेले पाणी मिळते, जे उन्हाने आटते. आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी देणारा थर नाल्याने आडवा कापला गेला, तर त्या विहिरींचेच पाणी नाल्यात उतरते. हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट आहे, कारण डिसेंबरात नाल्यात दिसणारे पाणी पाहून गावाला आनंद होतो आणि ते कोठून आले, हे मार्चमध्ये विहीर तळ गाठते तेव्हा कळते.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली 2004 पासून झालेली कामे या संदर्भात नेहमी सांगितली जातात. तिथे नाले मोठ्या प्रमाणात रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. परंतु शिरपूर तालुक्याच्या मोठ्या भागात तापीच्या खोऱ्यातला गाळाचा जाड थर आहे आणि त्यातील चिकणमातीचे पदर फोडून पाणी खालच्या वाळूपर्यंत नेणे हा त्या खोलीमागचा शास्त्रीय हेतू होता. तीच खोली बेसाल्टवर नेली, तर हेतू मागे राहतो आणि केवळ खोली उरते. बुलडाणा जिल्ह्यातही उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा आणि खारपाणपट्ट्याचा प्रदेश आहे, तर दक्षिणेला मेहकर, लोणार, चिखलीकडे बेसाल्टचे पठार आहे. एकाच जिल्ह्यात दोन वेगळी उत्तरे लागतात, हे नियोजनाने कधीही विसरू नये.

राज्य शासनाने 5 डिसेंबर 2014 च्या निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले आणि 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले. अभियानात सलग समतल चर, शेततळी, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती अशी अनेक कामे होती, पण लोकांच्या नजरेत भरले ते नाला खोलीकरण व रुंदीकरण. मे 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेखाली बुलडाणा जिल्ह्यासाठी 134 जेसीबी व पोकलेन यंत्रे उपलब्ध करून दिली. यंत्रे संघटनेची आणि इंधनाचा खर्च शासनाचा, अशी ती विभागणी होती. याच सुमारास राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाल्यांतून घेण्याची पद्धत जिल्ह्यात राबवली गेली, जिला ‘बुलडाणा पॅटर्न’ असे म्हटले गेले. रस्त्याला भराव मिळाला, तलावांची साठवण वाढली आणि शासनाला खोदाईचा वेगळा खर्च पडला नाही. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या जिल्ह्यात इतक्या वेगाने इतके काम उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हती आणि तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पुष्कळ ठिकाणी एप्रिलपर्यंत कोरड्या पडणाऱ्या नाल्यांत पाणी टिकले, गुरांची सोय झाली, रब्बीला एखादे पाणी जास्त मिळाले.

अभियानाच्या मूल्यमापनाने मात्र दुसरी बाजूही पुढे आणली. अर्थतज्ज्ञ हे. मा. देसरडा यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करून खोलीकरणाच्या अशास्त्रीय पद्धतीवर आक्षेप घेतला आणि त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या 2020 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात, 9,633 कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही पाण्याची गरज भागविण्यात आणि भूजलपातळी वाढविण्यात अभियानाला फारसे यश आले नसल्याचा निष्कर्ष होता. या तपासणीसाठी निवडलेल्या सहा जिल्ह्यांत बुलडाणा होता. अहवालांतले आणि वादांतले जवळजवळ सारे आकडे घनमीटर, हेक्टर आणि रुपयांचे आहेत. माशांचा, शिंपल्यांचा, काठच्या झाडांचा हिशेब समर्थकांनीही मांडला नाही आणि टीकाकारांनीही क्वचितच मागितला.

याचे कारण कामाच्या मोजणीत आहे. 200 मीटर लांब आणि सहा मीटर रुंद नाला एक मीटरने खोल केला, तर 1,200 घनमीटर माती निघते. शासकीय भाषेत ती 1.2 टीसीएम (हजार घनमीटर) साठवण, म्हणजे 12 लाख लिटर पाणी आणि ठेकेदाराच्या भाषेत सुमारे 424 ब्रास. माप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि खोली हेच तीन रकाने भरले जातात आणि देयक त्यांच्या गुणाकारावर निघते. वळण राखले, तळातला खडकाचा उंबरठा सोडला, काठावरचा करंज किंवा उंबर वाचवला, तर माप कमी भरते. सरळ, एकसारखा, पेटीसारखा चर काढला तर माप पूर्ण भरते. त्यामुळे नाला सपाट आणि सरळ होतो, तो यंत्र चालविणाऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर मोजणीच्या पद्धतीमुळे. यंत्राला काय उकरायचे हे सांगणारी व्यवस्था आपल्याकडे उत्तम आहे. काय सोडायचे हे सांगणारी व्यवस्था जवळजवळ नाही. नद्या आणि मासे यांच्या दृष्टीने सारा प्रश्न या एका उणिवेत सामावलेला आहे.

पेटीसारख्या नाल्यात काय घडते, ते साध्या हिशेबानेही कळते. मे महिन्याच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास खाली जाऊ शकते. वर सांगितलेल्या नाल्यात 1,200 चौरस मीटरवर एक मीटर पाणी पसरलेले असेल, तर रोज सुमारे 12,000 लिटर पाणी हवेत जाते आणि जमिनीत एक थेंब न मुरताही ते साधारण शंभर दिवसांत संपते. तेवढेच पाणी तीन मीटर खोलीच्या तीन-चार सावलीतल्या डोहांत एकवटले असते, तर पृष्ठभाग तिसऱ्या हिश्शावर आला असता आणि पाणी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पोचले असते. तापमानाचा परिणाम वेगळाच. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशांना तो सुमारे सातवर येतो आणि शेवाळ कुजू लागले की पहाटेच्या वेळी आणखी खाली घसरतो. मरळीसारखा हवेत श्वास घेऊ शकणारा मासा तिथे जगतो. इतर बहुतेक जाती तोंड वर काढून तडफडतात. झाडे गेलेली, वाळू गेलेली, सर्वत्र सारखाच उथळ असा नाला पाण्याने भरलेला दिसतो, पण माशांच्या दृष्टीने तो ओसाड असतो.

वाळूचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. कोरड्या नदीपात्रात हाताने वाळू उकरून झिरा केला की पाणी येते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाने अनुभवलेले आहे. याचा अर्थ असा की, वाळूच्या पोटात आणखी एक नदी वाहत असते आणि उन्हापासून झाकलेली असल्याने ती लवकर आटत नाही. अनेक सूक्ष्म जीव, अळ्या आणि शिंपले उन्हाळ्यात याच थरात उतरून तग धरतात. गाळ काढताना वाळू उचलू नये, असे शासनाच्या योजनांचे बंधन आहे, तरीही रेतीला बाजारात जो भाव आहे, त्यामुळे खोलीकरणाच्या आडून रेतीचा उपसा होतो ही उघड गोष्ट आहे. वाळू गेली की नाल्याचे पावसाळ्यातले पाणी टिकवण्याचे साधनच जाते आणि मग जेवढे खोल खणावे तेवढे थोडे वाटू लागते.

अवजड यंत्रांनी नदी सरळ करण्याची ही हौस भारताचीच नाही आणि ती निस्तरण्यासाठी पुन्हा तीच यंत्रे वापरावी लागणे, हेही जगाला नवे नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील किसिमी नदी पूरनियंत्रणासाठी 1962 ते 1971 या काळात सरळ कालव्यात रूपांतरित करण्यात आली; सुमारे 166 किलोमीटरची वळणदार नदी 90 किलोमीटरचा चर झाली. पाणथळी सुकल्या, हिवाळ्यात येणारे पाणपक्षी 90 टक्क्यांहून अधिक घटले आणि पाण्यातला प्राणवायू इतका उतरला की, माशांच्या मूळ जातींची जागा कमी प्राणवायूत तगणाऱ्या जातींनी घेतली. 1999 पासून त्याच कालव्याचा काही भाग मातीने बुजवून जुनी वळणे मोकळी करण्याचे काम सुरू झाले, ते 2021 मध्ये पूर्ण झाले आणि त्यावर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले. डेन्मार्कमधील स्केर्न नदीचे शेवटचे 19 किलोमीटर 1960 च्या दशकात सरळ केले गेले होते. 1999 ते 2002 दरम्यान यंत्रांनीच नवी वळणे खोदून त्याचे 26 किलोमीटर केले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर तर एके काळी ओढ्यांत पडलेली मोठी झाडे ‘अडथळा’ म्हणून काढून टाकण्याची सरकारी मोहीम चालली आणि नंतर सामन मासा घटल्यावर तीच ओंडक्यांची रचना एक्सकॅव्हेटरने परत बसवावी लागली, कारण ओंडक्यामागेच डोह बनतो आणि माशांच्या पिल्लांना पुरात आसरा मिळतो.

या अनुभवांतून पोकलेनच्या कामाचे जे तंत्र तयार झाले आहे, ते मेहकर तालुक्यातील नाल्यांनाही लागू करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी परदेशी यंत्र किंवा परदेशी पैसा लागत नाही. काम करताना यंत्र शक्यतो एकाच काठावरून चालवावे, म्हणजे समोरच्या काठावरची करंज, जांभूळ, अर्जुन, निरगुडी यांची रांग जशीच्या तशी राहते. दक्षिण व पश्चिमेकडचा काठ राखला तर दुपारनंतरची सावली पाण्यावर पडते. सलग खोदण्याऐवजी वळणाच्या बाहेरच्या बाजूला डोह खोल करावा आणि पुढच्या डोहापर्यंतचा तळ, विशेषतः जिथे खडकाचा नैसर्गिक उंबरठा आहे तो, अजिबात हलवू नये, कारण वरच्या डोहातले पाणी तोच धरून ठेवतो. काठ उभा कापला तर पहिल्याच पुरात ढासळतो आणि जनावर पाण्यावर उतरू शकत नाही. तो एकास दोन किंवा एकास तीन उताराचा ठेवला तर त्यावर लव्हाळा आणि पाणकणीस रुजते आणि मरळीला घरट्याची जागा मिळते. निघालेली माती नाल्याच्या कडेला ढीग करून ठेवणे हा सर्वत्र दिसणारा दोष आहे. पुराचे पाणी ती माती एक तर परत नाल्यात आणते किंवा बांधासारख्या त्या ढिगाला अडून शेजारच्या शेतात घुसते, म्हणून ती शेतात पसरवून टाकणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

दगडांच्या रचनेत यंत्र चालविणाऱ्याचे खरे कौशल्य दिसते. खोदताना निघालेल्या मोठ्या धोंड्यांची विल्हेवाट लावण्याऐवजी ते बकेटने उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाकडे टोक असलेल्या इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडले जातात, दोन्ही भुजा काठात घट्ट रुतवल्या जातात आणि मधला दगड सर्वांत खाली बसवला जातो. पुराचे पाणी दगडाच्या कडेवरून काटकोनात खाली उतरत असल्यामुळे अशा रचनेवरून ते काठ सोडून मध्यभागी वळते, खालच्या बाजूला तळ खरवडते आणि डोह दरवर्षी आपोआप साफ राहतो. प्रत्येक दगडाचा निम्म्याच्या आसपास भाग तळात गाडलेला असावा लागतो. नुसता वर ठेवलेला दगड पहिल्या पुरात वाहून जातो. धोंडा बकेटमध्ये तोलून, बूम हळूहळू खाली आणत तो खाचेत बसवणे, बकेटच्या पाठीने दोनदा दाबून तो डुगडुगत नाही याची खात्री करणे आणि मगच पुढचा उचलणे, हे काम तासाच्या भाड्याने आलेल्या घाईत होत नाही. म्हणून अशा कामाचे देयक घनमीटरवर न ठेवता प्रत्येक रचनेवर किंवा तासांवर ठेवले, तरच ते नीट होईल. यंत्रात डिझेल भरणे पात्रापासून दूर करणे आणि गळके हायड्रॉलिक पाइप असलेले यंत्र पात्रात उतरू न देणे, या गोष्टी लहान वाटतात, पण आटत चाललेल्या डोहावर तेलाचा तवंग पसरला की आतले मासे वाचवण्याचा कोणताही उपाय उरत नाही.

बंधाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढलेल्या असतात, त्यामुळे पूर आणि मासे दोन्ही मोकळे जातात; मात्र त्या वेळेवर काढल्या गेल्या पाहिजेत. सिमेंट नाला बांध मात्र कायमचा असतो. दीड-दोन मीटर उंचीच्या उभ्या भिंतीवरून चढणीचा लहान मासा जाऊ शकत नाही आणि एकाच नाल्यावर असे पाच-सहा बांध असले की वरचा प्रत्येक डोह एक तुटलेले बेट बनतो. एखाद्या कडक उन्हाळ्यात तिथले मासे संपले, तर खालून कोणी येऊ शकत नाही. यावर उपाय म्हणजे बांधाच्या खालच्या अंगाला धोंड्यांची लांब उतरण बांधणे. एकास वीसच्या आसपास उतार धरला, तर दीड मीटर उंचीच्या बांधासाठी सुमारे 30 मीटर लांबीची उतरण लागते. तिच्यात जागोजागी ठेवलेल्या मोठ्या दगडांमागे माशाला दम घ्यायला जागा मिळते आणि भिंतीच्या पायथ्याची झीजही थांबते. पोकलेनला हे काही दिवसांचे काम आहे आणि दगड बहुधा जागेवरच मिळतो. जुन्या बांधांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव दरवर्षी निघतातच, त्यांतच ही उतरण समाविष्ट करण्यात तांत्रिक अडचण काहीही नाही.

खोदणे आणि दगड मांडणे संपले म्हणजे अधिवास तयार झाला, असेही नाही. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदिया भागात मालगुजारी तलावांमध्ये धीवर समाजातील मच्छीमार आणि मनीष राजनकर यांच्या ‘फीड’ या संस्थेने जे काम केले, ते याबाबतीत मार्गदर्शक आहे. तिथे तलावांत माजलेले बेशरम उपटून काढले गेले, तळाची नांगरट केली गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती मुद्दाम लावल्या गेल्या. त्या वाढल्यावर स्थानिक माशांना खाद्य, आडोसा आणि अंडी घालण्याची जागा मिळाली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर येते आणि कोणता मासा तिच्यात राहतो, हे ज्ञान तिथल्या वयस्क धीवरांकडे होते. बुलडाण्यात तेच ज्ञान भोई समाजाकडे आहे आणि नाला खोलीकरणाच्या आराखड्यावर त्यांची सही कधीही घेतली जात नाही. कोराडीसारख्या जलाशयांत मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात, कारण या जाती साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्या विकत आणाव्या लागतात. जलाशयाला मिळणारे नाले जिवंत असतील, तर मरळ, वांब, झिंगे आणि लहानसहान स्थानिक जाती कोणी न सोडताही दरवर्षी येतात, आणि ज्या घरात पाव किलो मासा विकत आणणे परवडत नाही, त्या घरातल्या जेवणात त्याच येतात.

2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्राम येथून सुरू झालेल्या ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाने आणि जानेवारी 2023 मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या जलयुक्त शिवारच्या दुसऱ्या टप्प्याने नदीकडे पाहण्याची एक नवी संधी दिली आहे. हिवरा आश्रम येथे विवेकानंद आश्रमाच्या परिवारात कृषी शिक्षण देणारे महाविद्यालय आहे. एखाद्या नाल्यावर काम सुरू होण्यापूर्वीच्या फेब्रुवारीत, कामानंतरच्या मे महिन्यात आणि पहिल्या पुरानंतर, अशा तीन वेळा तिथल्या विद्यार्थ्यांनी भोई मंडळींना सोबत घेऊन डोहांची खोली, पाण्याचे तापमान, प्राणवायू आणि जाळ्यात आलेल्या माशांच्या जाती नोंदवल्या, तर माप पुस्तिकेतल्या तीन रकान्यांशेजारी चौथा रकाना तयार होईल. आखणीच्या वेळी राखायच्या झाडांना चुन्याचे पट्टे ओढावेत, न हलवायच्या खडकांवर खुणा कराव्यात, डोहांच्या जागी खुंट्या ठोकाव्यात आणि यंत्र चालविणाऱ्याला सकाळी काम सुरू करण्यापूर्वी नाल्यातून एकदा पायी फिरवून आणावे. मार्च ते मेअखेर एवढाच काळ हाताशी असतो; जूनच्या पहिल्या पुराआधी यंत्र पात्राबाहेर आलेले असले पाहिजे, कारण त्या पाण्याबरोबर खालून मासा वर निघालेला असतो.